कंजूसचं स्त्रीलिंग

रूपरावांच्या तेरवीची पहिली पंगत बसली होती आणि तूप आतच अडलं होतं.

शोभाबाईंनी कोठीतून वाटीभर काढून दिलं. इतक्या दिवसांच्या पाहुण्यांच्या ये-जेनं त्यांचे पाय भरून आले होते, डोळे मिटत होते. हात मात्र सवयीनं आखडताच राहिला.

"एवढ्या माणसायले एवढंसं?" नणंद नलूनं वाटी बायांना दाखवली. "आमचा दादा कंजूस, सारा गाव म्हणे. तू तं वहिनी कंजुशीण झाली!"

पोळ्या लाटणाऱ्या बाया हसल्या. सून प्रेरणा वर्ध्याच्या शाळेत मराठी शिकवायची. तव्यावरची पोळी उलटताना ती थकल्या आवाजात, वर्गात सांगावं तसं बोलून गेली, "आत्याबाई, चांगलाचं चांगली होते. कंजूसचं तसं होत नाई. बाई असो का माणूस, शब्द तोच राह्यते."

"मंग गाव त्यायलेच काऊन म्हणे?" शोभाबाई म्हणाल्या.

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

"दारात कोणी काही मागाले आलं का हे आत येत. मले विचारत. मी म्हणो, नाई. पोरं लहान होती, मले भेव वाटे. मंग बाहेर जाऊन हे सोताच्या तोंडानं नाई म्हणत. एक डाव तरी सांगाचं होतं, का बायको देऊ देत नाई. नाई सांगतलं."

लाटणी थांबली.

"मी शिलाई मशीन मागतली होती, तवा?" नलूनं हळूच विचारलं.

"तवाही मीच."

"मी त्याले राखी बांधणं सोडलं, वहिनी."

शोभाबाईंनी मान हलवली. गुडघ्यांवर हात टेकून त्या कशाबशा उठल्या, कोठीतून तुपाचा अख्खा डबा काढला आणि स्वतःच पंगतीत गेल्या.

पहिल्याच पानावर शेजारचे सदाशिवराव होते. भातावर धार पडताच त्यांनी हात आडवा धरला.

"बस, बस, वहिनी! वरून पाहून राह्यला रूपराव. रागवन!"

पंगत हसली. शोभाबाईंचा हात थांबला नाही. सदाशिवरावांच्या बोटांवरून तूप पत्रावळीवर उतरत राहिलं.