मरणारे देव

“तूच बरोबर होता, देवराव. सगळं जळते,” भैय्याजी म्हणाले. “झाडबी जळते.”

हे एक वाक्य ऐकायला देवराव कित्येक वर्षं भांडला होता, आणि आज ते नकोसं झालं होतं.

लकडगंजातल्या भैय्याजींच्या लाकडाच्या टालीत लाकडं कापायचा आरा बंद होता. सागवानाच्या थप्पीवर दोघे बसले होते. मधे एक इंग्रजी कॉमिक पडलं होतं, कोपरे झिजलेलं. कामठीच्या लष्करी छावणीतून रद्दीत येणारी ही रंगीत पुस्तकं देवराव उचलून आणायचा. तो रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. भैय्याजींचं लाकूड तिथंच उतरायचं, ओळख तिथलीच. रविवारी तो टालीत येऊन कॉमिक मराठीत सांगायचा आणि मग वाद पेटायचा. कुठल्यातरी बर्फाळ मुलखातले ते देव. अंगाला घट्ट कपडे, हातात हातोडे, आभाळातून उडणारे. त्यांची सगळी जगं एकाच प्रचंड झाडाला टांगलेली. आणि शेवटी एक दिवस असा येणार, की देवांसकट सारं आगीत संपणार.

“मरते तो देव कायचा?” भैय्याजी विचारायचे. “अन् झाडच गेलं तर जग पुन्हा उगवन कुठून? झाड राहतेच.”

“काहीच राहत नाही,” देवराव म्हणायचा. “देवबी नाही अन् झाडबी नाही.”

टालीतले हमाल हसायचे. वाद मिटत नव्हता, कारण दोघांना तो मिटवायचाच नव्हता. छप्पन साली देवराव आईवडिलांसोबत बौद्ध झाला होता. भैय्याजींच्या घरी दोन्ही वेळ पूजा चालायची. आपापल्या देवाधर्मावर बोलायला बसले असते, तर मैत्री एक रविवारही टिकली नसती. हे परके देव दोघांनाही सोयीचे होते.

मग भैय्याजींचा गोविंदा गेला. एकुलता एक, नुकता धंद्यात लागलेला. साध्या तापाचं निमित्त झालं. तेरवी आटोपल्यावर देवराव आज पहिल्यांदाच टालीत आला होता, तोही रिकाम्या हातानं. जुनं कॉमिक भैय्याजींनीच कुठूनतरी शोधून काढलं होतं.

“यात त्या मोठ्या देवाचा पोरगा मरते न?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मंग तो बाप रडते.”

“रडते.”

“रडते तरी.” भैय्याजींचा आवाज सपाट होता. “माह्यावाले देव समोरच होते. मी हात जोडून राहिलो, अन् ते हसून राहिले.”

त्यांनी थप्पीमागून लाल फडक्यात बांधलेलं गाठोडं ओढून मांडीवर घेतलं. आत पितळ किणकिणलं. काय आहे ते देवरावला न सांगता कळलं.

“कन्हान नदीवर चाललो. तू चल संग,” भैय्याजी म्हणाले. “तुमच्या घरचे देव तुम्ही छप्पनमंदी सोडले होते न? कसे सोडतात ते तुले माहीत हाय.”

इतक्या वर्षांत त्यांनी हा विषय पहिल्यांदाच काढला होता. ‘चला’ म्हणणं सोपं होतं. देवराव जे म्हणत आला होता, तेच तर ते म्हणत होते. त्यानं भैय्याजींच्या तोंडाकडे पाहिलं. मुंडण केलेल्या डोक्यावर केसांचे खुंट उगवत होते. डोळे पार कोरडे. जिंकलेल्या माणसाला थोडं तरी बरं वाटतं म्हणतात. देवरावला नुसता शीण आला.

“माहीत हाय,” तो म्हणाला. “माह्या मायनं सोडले. सकाळीच न्हाऊन, पांढरं लुगडं नेसून. अख्खी वस्ती नदीवर गेली होती. वापस येताना माय हसून राहिली होती, भैय्याजी. तिले तसं हसताना मी कधी पाह्यलंच नव्हतं. आम्ही रुसून नाही सोडले. आम्हाले पुढं जायचं होतं. तुम्हाले आज कुठं जायचं हाय?”

भैय्याजींनी गाठोड्याची गाठ चाचपली. बाहेरून एक बैलांचं खाचर खडखडत गेलं.

“कुठंच नाही,” ते म्हणाले. “पण घरीबी नेववत नाहीत. देवघराकडं पाहवत नाही.”

देवरावनं हात पुढे केले. भैय्याजींच्या घरी त्याचा चहा कायम ओसरीवर व्हायचा. आतलं देवघर कुठल्या बाजूला आहे, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

“द्या इकडं,” तो म्हणाला. “मन थाऱ्यावर आलं की या. सोडायचे म्हणसान, तर मी संग येतो नदीवर. ठेवायचे म्हणसान, तरी माही ना नाही. पण आज नको.”

भैय्याजींनी त्या हातांकडे पाहिलं. मग त्यांनी गाठोडं त्यांवर ठेवलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचे डोळे भरून आले.

देवराव घरी पोचला, तेव्हा त्याची बायको कौसल्या तांदूळ निवडत होती. पितळेचा आवाज ऐकून तिनं मान वर केली.

“हे काय आणलं?”

“भैय्याजीचे देव.”

तिच्या हातातलं सूप थांबलं. लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हापासून इथं एकही मूर्ती आली नव्हती.

“आपल्या घरी? काहून?”

देवरावनं गाठोडं लोखंडी पेटीवर ठेवलं आणि शेजारी बसला. खांदे ओघळले होते.

“जड झाले वं त्यायले,” तो म्हणाला. “थोडे दिवस आपण धरू.”