दुसरी वायर

वायर निघेना. चंद्रभानने शर्टाच्या बाह्या वर सारल्या, प्लगवरची रबरी टोपी चिमटीत धरली आणि पुन्हा एकदा पिळली. टोपी जागची हलली नाही. इंजिन गार होतं, हातात जोर होता आणि अख्ख्या वलगावात इंजिनातलं आपल्याइतकं कोणाला कळत नाही, याबद्दल निदान त्याला तरी शंका नव्हती.

"चांगली चालून राहिली ना गाडी," ओसरीवर तूर निवडत बसलेली त्याची बायको रुख्मिणी म्हणाली. "मंग तिच्या जिवावर काहून उठले तुमी?"

"तू तुरीकडे ध्यान दे. मी काढतो म्हनलं म्हणजे निघालीच."

रुख्मिणी गालातल्या गालात हसली. तिला सगळं ठाऊक होतं. फाटकाशी ताटकळत उभ्या असलेल्या शेजारच्या कुंदनलाही ठाऊक होतं. दोघांनीही ते पोटात ठेवलं होतं.

झालं होतं असं, की चंद्रभानच्या मुलीने, साधनाने, डीएड करून बडनेऱ्यात गॅरेज टाकलं. चंद्रभानने उभा जन्म काळीपिवळी जीप चालवली होती. लहानपणी साधना त्याच्या शेजारी बॅटरी धरून उभी राहायची, न बघता हवा तो पाना हातात द्यायची, आणि त्याला त्याचं कोण कौतुक! पण मोठी झाल्यावर तिने शाळेत शिकवावं, नखांतलं ग्रीस आपल्यापाशीच संपावं, असं त्याच्या मनात होतं. उद्घाटनाचं आमंत्रण आलं तेव्हा चार माणसांत तो बोलून गेला, "त्या गॅरेजात मी पाय ठेवणार नाही." झालं. चंद्रभानचा शब्द म्हणजे शब्द. पोरगी घरी आली की तो तडक वावरात निघून जायचा आणि तिथे घराकडे तोंड करून बसायचा.

पण पाय ठेवणार नाही म्हटलं होतं, गाडी पाठवणार नाही असं कुठे म्हटलं होतं? म्हणून मग चंद्रभानची जुनी मोटार मधूनमधून 'मिसिंग मारायची'. ठसकत, आचके देत चालायची. कुंदन ती बडनेऱ्याला न्यायचा आणि परत आला की चंद्रभान त्याला अंगणातच गाठायचा. गाडीचं काय झालं ते एका वाक्यात उरकायचं. मग पोरीकडे गिऱ्हाइकं होती का, ती वेळेवर जेवते का, बारीक तर झाली नाही ना, हे सगळं खोदून खोदून विचारायचा. कुंदनला चहावर चहा मिळायचा.

बिघाड दरवेळी एकच. दुसऱ्या प्लगची वायर ढिली. ती ढिली करणारा हात आज पहिल्यांदाच हरत होता.

"काका, मी जाऊ का घरी?" कुंदनने विचारलं. "अशी ठणठणीत गाडी नेऊन ताईले काय सांगू?"

चंद्रभानने पक्कड उचलली आणि परत ठेवून दिली. पकडीने वायरच तुटली असती, आणि गाडीवर त्याचा जीव होता. त्याने बॉनेट आपटलं.

"ठणठणीत कशी? वायर निघून नाही राहिली, हा बिघाड नाही का? अन् एवढा मोठा बिघाड तुले सांगता येणार नाही. मलेच जा लागन."

रुख्मिणीने तोंडाला पदर लावला.

अमरावती ओलांडून बडनेऱ्यापर्यंत गाडी एकदाही ठसकली नाही. चंद्रभानला तिचा रागच आला. गॅरेजसमोर तो थांबला, जरा विचार केला आणि गाडी सरळ आत घालून काच खाली करून बसून राहिला. चाकं आत होती. पाय गाडीत होते. शब्द शाबूत होता.

एका जीपखालून साधना बाहेर आली. बापाला पाहून तिचे डोळे भरले. ते तिने बाहीने पुसले, तर गालावर ग्रीसचा काळा पट्टा उमटला. आपली पोरगी फार गोड दिसते, असं चंद्रभानला वाटलं.

"काय झालं गाडीले, बाबा?"

"वायर निघून नाही राहिली."

"कोणची?"

"दुसरी. दरवेळी दुसरीच तं..." चंद्रभानने जीभ चावली.

साधनाने बॉनेट उघडलं. टोपीच्या कडेने बारीक पेचकस फिरवला, टोपी पिळली आणि सुटलेली वायर हातात घेऊन ती त्याच्या खिडकीशी आली. टोपीच्या आत, गॅस्केटला लावतात तो चिकट मसाला वाळून घट्ट झाला होता.

"हे म्याच चिकटवलं," ती म्हणाली. "मागच्या खेपेले."

"अस्सं!" चंद्रभान उसळला. "म्हणजे बापाले फासात पकडलं! तूनं मले यायलेच लावलं!"

"कुठं लावलं, बाबा?" साधना हसत होती आणि डोळे पुन्हा भरले होते. "ही एकटीच चिकटवली होती. बाकीच्या तीन तं नुसत्या हातानं निघतात. तुमाले यायचं नसतं, तं त्यातली एक काढून कुंदनलेच धाडलं असतं तुमी."

चंद्रभानने दार उघडलं आणि गॅरेजच्या फरशीवर पाय ठेवला.