निम्मी चिमूट

तंबाखूच्या पुड्यांची माळ यमुनाक्कांनी नवऱ्याच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हातानं उतरवली. गालाच्या कॅन्सरनं गेलेल्या माणसाच्या दुकानात ती पुन्हा टांगायची नाही, एवढं नक्की होतं. पण माळेबरोबर दुकानापुढचं बाकडंही ओस पडेल, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. सगळी मंडळी स्टँडजवळच्या टपरीवर गेली. चार महिने झाले. गिऱ्हाईक यायचं, साखर-साबण घेऊन उभ्याउभ्याच निघून जायचं.

आज नवऱ्याचे जुने दोस्त बाबर ड्रायव्हर येऊन बाकड्यावर टेकले.

"पुडी न्हाई मिळायची, भाऊजी."

"नकोच. तोंडात पांढरा चट्टा हाय म्हणाला डॉक्टर, तवापासनं सोडली. पर टपरीवर सगळे मळत बसत्यात. मग मी जाऊ कुठं, वहिनी?"

अक्कांनी बरणीतली बडीशेप त्यांच्या तळहातावर ठेवली. बोलता बोलता ड्रायव्हरांचा अंगठा सवयीनं ती मळू लागला. मग त्यांनी ती दोनदा थापटली, फुंकर घातली, आणि बाकड्याच्या ज्या बाजूला अक्कांचा नवरा बसायचा, तिकडं न बघताच निम्मी चिमूट पुढं केली.

हात तसाच अधांतरी राहिला. ड्रायव्हरांची मान खाली गेली.

अक्का गल्ल्यामागून उठल्या. तीस वर्षांत पहिल्यांदाच आपल्या दुकानापुढच्या त्या बाकड्यावर बसल्या आणि त्यांनी तळहात पुढं केला.