एक कागद कमी

"एक कागद कमी आहे," जोलीन म्हणाली. "औषधांच्या कोर्सचं सर्टिफिकेट."

नर्सिंग मंडळाचं ऑफिस पाचला बंद व्हायचं, आणि पाचला वीस मिनिटं कमी होती. काउंटरच्या पलीकडे जोलीन होती, अलीकडे वर्ना कोलार मांडीवरची पर्स घट्ट धरून बसली होती. भूल देणारी नर्स म्हणून तिला एकतीस वर्षं झाली होती. राज्याचा परवाना आज संपत होता. उद्यापासून तिने कुणाला भूल दिली तर तो गुन्हा ठरणार होता.

"घरी राहिलं असेल," वर्ना म्हणाली.

"घर कुठे?"

"एल्मर क्रीक. गाडीने तीन तास."

जोलीनने कपाळाला हात लावला. "तिथे दुसरं कोण आहे भूल द्यायला?"

"नव्वद मैलांत मी एकटीच."

वर्ना पार दमली होती. परवापासून तीन बाळंतपणं आणि एक मोडलेली मांडी झाली होती. मुलीच्या लग्नातूनसुद्धा तिला कुणाच्या तरी अपेंडिक्ससाठी उठवून नेलं होतं. डॉक्टर आले आणि गेले, ही आपली तिथेच. कधी कुरकुर केलीच, तर गावातल्या बायका सफरचंदाचा केक घेऊन दारात उभ्या राहत आणि तिचं बोलणंच खुंटे.

"नियम तो नियम, पोरी," ती म्हणाली. "माझ्यासाठी वाकवू नकोस."

"वाकवतंय कोण? माझ्या आईचा खुबा बदलला तेव्हा तुम्हीच होतात. डोळे मिटेपर्यंत तिचा हात धरून बसलात म्हणे. अजून सांगत असते सगळ्यांना."

जोलीनने कोर्सवाल्यांना फोन लावला. एकाने दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्याने ताटकळत ठेवलं. ती फोनवर गोड बोलली, मग भांडली, मग पुन्हा गोड बोलली. वर्ना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. काटा जागचा हलत नव्हता.

पाचला चार मिनिटं असताना कोपऱ्यातल्या फॅक्समधून कागद सरकत बाहेर आला. जोलीनने शिक्का मारला.

"झालं. आता दोन वर्षं काळजी नाही."

वर्नाला रडूच कोसळलं. जोलीनलाही भरून आलं. तिने टिश्यूचा अख्खा खोका पुढे केला.

गाडीत बसल्यावर वर्नाने पर्स उघडली. औषधांच्या कोर्सचं सर्टिफिकेट चार घड्या घालून आत होतं. त्याखाली हॉस्पिटलसाठी सकाळीच लिहून ठेवलेली चिठ्ठी होती: 'परवाना संपला. माझा नाइलाज आहे. उद्यापासून येणार नाही.'