टक्क जागे राहा, काका

“पुन्हा तुम्हीच!” मावशी म्हणाल्या.

“मीच. दुसरं कोण असणार?” फोनवर पलीकडून काका म्हणाले आणि खोकले. “जेवलात का?”

मावशींनी कपाळावर हात मारून घेतला. परवाच त्यांनी व्यसनमुक्ती केंद्रावरच्या संशोधक मॅडमना सांगितलं होतं, हे काका बदला, यांनी माझ्या नाकी नऊ आणलेत. मॅडम गोड हसल्या. एकदा लावलेली जोडी बदलायची नाही, आवाजाची ओळख महत्त्वाची असते, म्हणाल्या. त्यांचं काय जातं? उंटावरून शेळ्या हाकायच्या.

मॅडमचा प्रयोग तसा साधा होता. एकटं बसून नशेचं इंजेक्शन घेणारी माणसं बरेचदा निव्वळ शेजारी कोणी नसल्यामुळे मरतात. तेव्हा घ्यायचंच असेल तर फोनवर कुणाला तरी सोबत ठेवून घ्यावं. एका टोकाला घेणारा, दुसऱ्या टोकाला राखणारा. घेणाऱ्यानं दाराची कडी काढून ठेवायची, राखणाऱ्याकडे त्याचा पत्ता असायचा, आणि बोलणं थांबलं की रुग्णवाहिका धाडायची. खरी नावं विचारायची नाहीत, म्हणून एक मावशी आणि एक काका.

मावशी पूर्वी रुग्णालयात नर्स होत्या. पेशंट उचलता उचलता कंबर गेली, मागोमाग नोकरीही गेली. भाची अधूनमधून विचारायची, “एवढं कुणाशी बोलत असतेस गं?” मावशी सांगायच्या, “केंद्राचं काम असतं.” भाचीला मावशीचं मोठं कौतुक. मैत्रिणींनाही सांगायची.

“कडी झाली, पत्ता झाला,” मावशी घाईनं म्हणाल्या. “आता वेळ काढू नका.”

“नाही काढत. पण हे वरच्या मजल्यावरचे लोक, मावशी! दिवसभर टेबलं सरकवतात. माणसानं दुपारी पाठ टेकायची म्हटलं तर...”

“काका.”

“आणि हा गुडघा. काल डॉक्टर म्हणाले...”

मावशींनी शाल ओढून घेतली आणि रुमालानं नाक पुसलं. गुडघा, टेबलं, डॉक्टर, पुन्हा गुडघा. एकदा या माणसानं चऱ्हाट लावलं की ऐकणाऱ्यानं फक्त हं हं करायचं. ज्या कामासाठी फोन, ते राहिलं बाजूला.

“सर्दी झालीय तुम्हाला,” काका म्हणाले.

“झालीय. तुम्ही तुमचं बघा.”

काका चाचरत म्हणाले, “आज नाही घेतलं, तर नाही का चालणार?”

“चालत असतं तर हा फोन झाला असता का?”

“तेही खरंच.”

“हे बघा काका,” मावशींनी आवाज जरा खाली आणला. “सोमवारी केंद्रात पर्यायी औषध सुरू होतंय. एवढे महिने रांग लावून नंबर लागलाय. एकदा ते सुरू झालं की या सुया नकोत आणि हे फोन नकोत. तोवर जीव राखायचा, एवढं एकच काम आहे. त्यात तुम्ही घोळ घालू नका.”

“मी कुठे घोळ घालतो?” काका म्हणाले. त्यांचे शब्द जड येऊ लागले होते. “मी आपला... बसलोय...”

“ऐकताय ना?”

“हं.”

“काका?”

“हं...”

मग पलीकडून घोरणं ऐकू आलं. लांब, खोल, मध्येच अडकणारं.

या कामात घोरणं म्हणजे धोक्याची घंटा, नशा जास्त झाली की श्वास असाच अडकतो, हे दोघांनाही पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. सोमवार इतका तोंडावर आलेला असताना हा माणूस असा दगा देणार! राग जास्त आला की भीती, त्यांचं त्यांनाच कळेना. त्यांनी स्टीलचा पेला घेतला आणि फोनपाशी धरून चमच्यानं बडवायला सुरुवात केली.

“काका! अहो काका! उठा!”

“अं? काय... काय झालं?”

“घोरत होतात!”

“जरा डोळा लागला.”

“जरा? या फोनवर डोळा लागला तर माणूस मरतो, काका! खेळ वाटतो का तुम्हाला?”

पलीकडे खुर्ची करकरली.

“रागावू नका, मावशी,” काका म्हणाले. “रात्री झोपच लागत नाही मला. माझ्या पोरानं आतून कडी लावून घेतली होती. मी बाहेर पेपर वाचत बसलेलो. घोरणं ऐकू येत होतं. मला वाटलं, झोपलाय बिचारा, झोपू दे.”

मावशींच्या हातातला पेला तसाच राहिला. मघापासून आपण या माणसाला काय काय बोललो ते आठवून त्यांना लाज वाटली. पण तसं तोंडानं म्हणणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

“तोंडावर पाणी मारून या,” त्या म्हणाल्या. “आणि आता बसायचं नाही. उभ्यानं बोला.”

“पण गुडघा...”

“गुडघा गेला खड्ड्यात!”

काका हसले. पलीकडे नळ सुटला, बंद झाला, पावलं वाजली.

“आलो. खिडकीपाशी उभा आहे.”

“नक्की जागे आहात?”

“टक्क जागा. बोला मावशी, मी ऐकतोय.”

मावशींनी फोन उशीला टेकवून ठेवला, आपल्या दंडाला रबरी पट्टी आवळली, तिचं टोक दातांत धरलं आणि सुई उचलली.