अंगठ्याची पट्टी

"सुरी इकडे नको रे, तिलेक. अंगठा कापलाय," म्हणत उर्मातने पट्टी बांधलेला अंगठा वर केला.

"परत?" उर्मातला जिच्याशी लग्न करायचं होतं, त्या जिपारचा धाकटा भाऊ तिलेक फिस्सकन हसला. "दाजी, तुमच्याकडे कांद्यापेक्षा बोटंच जास्त चिरतात वाटतं!"

जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाभोवती जेवायला बसलेली मंडळी हसली. जिपारचे वडील सागिनबेक तेवढे हसले नाहीत. मधोमध शेवयांचं ताट होतं आणि त्यांवर घालायचं उकडलेलं मटण वाफाळत होतं. आमच्या नारिन भागात मटण तरुणांनीच कापायचं, तेही शेवयांइतकं बारीक, आणि मोठ्यांनी त्यांचे हात बघत बसायचं. ज्याची सुरी चालत नाही त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. आणि आज तर जेवणं झाल्यावर सागिनबेक लग्नाला हो की नाही, ते सांगणार होते.

अंगठ्याला काहीसुद्धा झालं नव्हतं. चोवीस वर्षांच्या उर्मातचे हात त्याचं ऐकत नसत, एवढंच. बटण लावताना, चहा ओतताना, किल्ली फिरवताना. बिश्केक शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी दोन वर्षांपूर्वी त्याला नाव सांगितलं, डिस्प्रॅक्सिया. आळस नाही, वेंधळेपणा नाही. बरं होत नाही, पण त्याच्यासकट छान जगता येतं. आणि तो जगत होताच की! शाळेत भूगोल शिकवायचा. फळ्यावरची ओळ खाली घसरली की पोरं ओरडायची, "सर, नदी निघाली!" तोही हसायचा. शहरात सगळ्यांना सांगून मोकळा झाला होता. पण इथे, मोठ्या माणसांच्या पंगतीत, जीभच उचलायची नाही. मग पट्टी.

दमला होता बिचारा. हातांमुळे नव्हे. दर पंगतीला नवी जखम काढायची, वर ती दुखतेय असं तोंड करायचं, ह्याने पार जीव मेटाकुटीला आला होता. "बाबांना सांगून टाक ना एकदाचं," जिपार महिनाभर मागे लागली होती.

तिलेकची सुरी भराभर चालली होती. उर्मात बघत बसला. मग त्याला वाटलं, मरू दे. नाही म्हणतील तर म्हणोत. त्याने पट्टी सोडली.

"काका, काही कापलेलं नाहीये. कधीच नव्हतं. माझे हात जन्मापासून असेच आहेत. बारीक जमणार नाही. जाड कापीन, वेळ लागेल. पण कापीन."

कोणी हसलं नाही. चहाची किटली घेऊन आलेली जिपार दारातच थांबली. उर्मातने सुरी घेतली. पहिला तुकडा बोटाएवढा जाड निघाला. दुसरा सटकून त्याच्याच मांडीवर पडला. "अगं बाई!" जिपारची आत्या पुटपुटली. शेवया गार व्हायला लागल्या. पण सुरी त्याने खाली ठेवली नाही.

"मागच्या खेपेला आलास," सागिनबेक पहिल्यांदाच बोलले, "तेव्हा पट्टी उजव्या अंगठ्याला होती. हात धुऊन आलास, तर डाव्या."

उर्मातचा हात थांबला. "डावं-उजवंही चुकतं माझं, काका."

तिलेकला हसू आवरेना. वडिलांनी नुसतं बघितल्यावर तो गप्प झाला.

"मला काय माहीत? मी म्हटलं, पोरगा तोंडावर खोटं बोलतो. अशाला मुलगी द्यायची नाही, असं ठरवूनच बसलो होतो आज."

एवढं बोलून सागिनबेकांनी तिलेकने बारीक कापून ठेवलेलं मटण बाजूला सारलं आणि आपलं रिकामं ताट उर्मातपुढे केलं.

"सावकाश काप. मी जावयाच्या हातचंच खाणार."