नववा बरिटो

तिसरी पोळीही फाटली तेव्हा तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. काही झालं तरी आपण हात लावायचा नाही, ही अट तिनंच घातली होती. आता तिनंच ती मोडली तर सगळंच मुसळ केरात.

"भात किती भरतोयस अरे," ती म्हणाली. "बरिटो करतोयस की उशी?"

"कमी करतो," नवरा गरिबासारखं म्हणाला, आणि त्यानं आणखी एक चमचा भात टाकला.

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती अकरा वर्षं बाटल्या आणि नळ्या हाताळत होती. आता दूरच्या एका गावात नवी प्रयोगशाळा निघत होती आणि तिथं वर्षभर प्रमुख म्हणून तिला बोलावलं होतं. हो की नाही, ते आज संध्याकाळी सातच्या आत साहेबांना कळवायचं होतं. नाही म्हटलं की जागा दुसऱ्याची.

घरातलं कुणीही तिला जाऊ नकोस म्हणालं नव्हतं. उलट नवरा रोज सांगायचा, तू खुशाल जा, आम्ही बघू. घोळ तिथंच होता. हे बघणार म्हणजे काय डोंबल बघणार? गेल्या महिन्यात ती चार दिवस ट्रेनिंगला गेली, तर ही चौघं ब्रेड आणि केळी खाऊन राहिली. ती परत आली तेव्हा ओट्यावर सालींचा ढीग होता आणि चौघांचेही चेहरे उतरलेले. तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला होता.

म्हणून आजचं हे जेवण. एक अख्खं जेवण नवऱ्यानं एकट्यानं करून दाखवायचं, की ती निर्धास्त जायला मोकळी. मुलींनी चिकन बरिटो मागितले. तिला बरंच वाटलं, कारण काम सोपं. चिकन परतायचं, भात आणि बीन्स शिजवायचे, चीज किसायचं, सगळं मैद्याच्या पातळ पोळीत घालून गुंडाळायचं. झालं.

कसलं झालं! चिकन खालून करपलं आणि वरून पांढरंच राहिलं. बीन्समधलं पाणी काढायचं तो विसरला. आणि गुंडाळायला घेतलं तर एकेक पोळी त्याच्या हातात टराटरा फाटत होती.

तिचा खरा संताप होत होता तो याच गोष्टीचा. हा माणूस बारा वर्षं कुरियरच्या काउंटरवर पार्सलं बांधत होता. काचेचं झुंबर त्याच्या हातात द्या, पोचेल तिथं धड पोचेल. घरात साखरेच्या डब्यापासून मोज्यांच्या खणापर्यंत एकेका वस्तूवर त्याची चिकटपट्टी असायची. आत काय, किती नग, कुठली तारीख. सवयच लागली होती मेल्याला. सगळी त्यावरून त्याची टर उडवायची. आणि अशा माणसाला एक पोळी गुंडाळता येऊ नये?

सासूबाई खुर्चीत बसून हे सगळं शांतपणे बघत होत्या.

"चार दिवस केळ्यांवर काढले, वर्षही निघेल," त्या म्हणाल्या. "तू आमची काळजी करू नकोस."

धाकटीला फिसकन हसू आलं. थोरलीनं तिला टेबलाखालून लाथ मारली आणि आईला सांगितलं की तू जाच, माझं वजन तसंही कमी व्हायला हवंय. हिला बोलायला काय जातंय, असं तिच्या मनात आलं. चौदा वर्षांची पोरगी, ऐन वाढीचं वय, आणि वर्षभर केळी?

तेवढ्यात नवऱ्याचं बोट तापलेल्या तव्याला लागलं. तो कळवळला आणि नळाखाली हात धरून उभा राहिला. मागं ओट्यावर चौथी पोळी उलगडली आणि बीन्सचं पाणी थेट फरशीवर गळायला लागलं.

"सॉरी गं," तो म्हणाला. "पण तू जा. शिकेन मी हळूहळू."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते बघितलं आणि तिचा राग पार ओसरला. मागं उरला तो नुसता थकवा. जाणार कशी ती? असल्या माणसाच्या गळ्यात म्हातारी आई आणि दोन पोरी टाकून?

सहा चाळीस झाले होते. तिनं फोन घेतला आणि साहेबांना मेसेज लिहिला की घरच्या अडचणीमुळे येता येणार नाही. अकरा वर्षं या जागेची वाट बघितली होती तिनं. बोट पाठवायच्या खुणेपाशी अडलं. आधी याच्या बोटाला बर्फ देऊ, मग पाठवू, असं ठरवून ती पॅसेजमधल्या फ्रीजकडे गेली.

फ्रीजरमध्ये बर्फाचा ट्रे चिकटून बसला होता. तिनं वैतागून तो हिसडला, तशी मटारची पिशवी खाली पडली. पिशवीमागं चंदेरी कागदातलं एक पुडकं होतं. घट्ट, सरळ, दोन्ही टोकं आत दुमडलेली, कुठंही सुरकुती नाही. त्यावर चिकटपट्टी, आणि पट्टीवर नवऱ्याचं टपोरं अक्षर.

"चिकन बरिटो. नऊपैकी नववा. धाकटीसाठी, मिरची नाही."

खाली तारीख होती. तिच्या ट्रेनिंगच्या तिसऱ्या दिवसाची.

त्याच्याही खाली पेन्सिलीनं, वाकड्यातिकड्या अक्षरांत कुणीतरी लिहिलं होतं, "बाबा, उद्या पण हेच करा. आईला नाही सांगणार."

"सापडला का गं बर्फ?" स्वयंपाकघरातून नवऱ्याचा केविलवाणा आवाज आला.

"सापडला," ती म्हणाली. तिनं आधीचा मेसेज पुसला, "सोमवारी हजर होते" असा नवा लिहिला आणि पाठवून दिला.